‘आहे’, ‘दिसते’ आणि ‘असावे’

मराठवाड्यातल्या शाळेची सहल कधी अजिंठ्याला गेली नाही असे सहसा होत नाही. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, पहाटे एस.टी. निघते आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर वाघूर नदीच्या वळणावर मुले उतरतात. चढण संपली की पहिलेच लेणे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काही वेळ डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग हळूहळू पद्मपाणी दिसू लागतो, छतावरची फुले दिसू लागतात, आणि तेवढ्यात कोणीतरी एका भिंतीकडे बोट करून सांगते, “हा बघा दुसरा पुलकेशी, आणि हे त्याच्या दरबारात आलेले इराणच्या बादशहाचे वकील.” मुले घाईघाईने वहीत टिपून घेतात. परत आल्यावर सहलीचा वृत्तांत लिहायचा असतो. त्यात वाक्य येते, ‘पहिल्या लेण्यात पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकिलांचे चित्र आहे.’ आपण त्यासमोर बरोबरची खूण करतो. आम्हीही केलेली आहे.

या वाक्यात शुद्धलेखनाची चूक नाही, व्याकरणाची नाही. पण ज्याला संशोधनपर लेखन म्हणतात त्याच्या दृष्टीने त्यातला एक शब्द जड आहे, आणि तो पुलकेशी किंवा इराणी हा नव्हे. तो शेवटचा, साधा, रोजच्या वापरातला ‘आहे’ हा शब्द.

शाळेतल्या मुलांनी प्रकल्प करावेत आणि त्यांचे अहवाल लिहावेत ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली तेव्हापासून दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या गावातला एखादा प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करतात आणि आपल्या भाषेत अहवाल लिहितात. अकरावी-बारावीला पर्यावरणाची प्रकल्पवही असते. असे अहवाल वाचण्याचे काम आमच्याकडे अनेकदा आले. कष्ट पुष्कळ केलेले असतात. मुले उन्हातान्हात हिंडलेली असतात, मोजमापे घेतलेली असतात. पण लिहिताना सगळे एका पातळीवर येते. डोळ्यांनी पाहिलेले, शेजारच्या काकांनी सांगितलेले, पुस्तकातून उतरवलेले आणि स्वतःच्या मनाने ताडलेले, सगळ्याच्या शेवटी ‘आहे’. वाचणाऱ्याला त्यातले काय कुठून आले हे सांगता येत नाही. यामुळे काय बिघडते? अजिंठ्याच्या त्या एका चित्राची हकीकत पाहिली म्हणजे ते चांगले कळेल.

एका वाक्याचा प्रवास

१८७९ साली जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या इतिहासकाराने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. अजिंठ्याच्या चित्रांत इराणचा सासानी बादशहा खुसरू दुसरा याचे चित्र ओळखता येते, असे त्याचे म्हणणे होते. दरबाराच्या प्रसंगाविषयीचा त्याचा तर्क असा. चित्रात एक राजा आसनावर बसला आहे. त्याच्यासमोर टोकदार टोप्या, दाढ्या आणि लांब बाह्यांचे अंगरखे असलेली माणसे आहेत. पुढच्या माणसाच्या हातात मोत्यांच्या सरासारखे काही आहे. हा पोशाख सासानी काळच्या इराणी लोकांचा वाटतो. दुसरीकडे, अल्-तबरी या अरबी इतिहासकाराच्या ग्रंथात हिंदुस्थानच्या एका राजाने खुसरूकडे पत्रे आणि भेटी पाठवल्याचा उल्लेख आहे, आणि त्या राजाचे नाव ‘पुलकेशी’ असे वाचता येईल असे नोल्डेके या जर्मन पंडिताचे मत होते. काळ साधारण इ.स. ६२५ चा. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी त्याच काळातला. तेव्हा चित्रातला राजा पुलकेशी आणि पाहुणे खुसरूचे वकील.

तर्क सुंदर आहे, आणि फर्ग्युसनने तो पायऱ्या दाखवून मांडला ही त्याच्या बाजूची गोष्ट. पायऱ्या दिसत असल्या की दुसऱ्याला त्या तपासता येतात. आपणही तपासून पाहू. टोप्या आणि दाढ्या दिसतात, हे खरे. पोशाख इराणी वाटतो, हे तुलना करून सांगितलेले, तेही पटण्यासारखे. पण इराणी पोशाखाचा माणूस वकीलच कशावरून? व्यापारी का नसावा? आणि तबरीच्या उल्लेखात भेटी इकडून तिकडे गेल्या आहेत, चित्रात मात्र पाहुणे तिकडून इकडे आले आहेत. म्हणजे परतभेट झाली असली पाहिजे, असे मध्ये एक गृहीत धरावे लागते. राजाच्या डोक्यावर किंवा आसनावर नाव कुठेही लिहिलेले नाही. ‘पुलकेशी’ हा शब्द भिंतीवरून आलेला नाही, ग्रंथातून आलेला आहे.

पुढे काय झाले? व्हिन्सेंट स्मिथ यांचा हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि अनेक वर्षे कॉलेजांतून वाचला गेला. त्यात हा प्रसंग समकालीन नोंद म्हणून आला, आणि कलेच्या इतिहासात काळ ठरवायला एक पक्की खूण मिळाली असे मानले गेले. तेथून तो पाठ्यपुस्तकांत, मार्गदर्शिकांत आणि सहल घेऊन जाणाऱ्यांच्या तोंडी उतरला. प्रत्येक उतरणीत एकेक कारण गळत गेले. तबरी गळला, नोल्डेके गळला, ‘वाचता येईल’ गळले. उरले ते फक्त ‘आहे’. शिवाय एक चक्र तयार झाले. चित्र पुलकेशीचे आहे म्हणून लेणे सातव्या शतकातले; आणि लेणे सातव्या शतकातले आहे म्हणून चित्र पुलकेशीचे असायला हरकत नाही. दोन्ही विधाने एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी, जमिनीवर पाय कोणाचाच नाही.

लेण्यांचा काळ ठरवण्याचा दुसरा, अधिक भक्कम मार्ग त्याच डोंगरात होता. सोळाव्या लेण्यात वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरवलेला लेख आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि हरिषेणाचा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची कित्येक वर्षे या लेण्यांत घालवली. अर्धवट राहिलेले खांब, बदललेले आराखडे, दारांच्या बिजागऱ्यांच्या खोबणी अशा बारीकसारीक गोष्टी पाहून त्यांनी असे मांडले की अजिंठ्याचे दुसऱ्या टप्प्याचे सगळे काम हरिषेणाच्या काळात, थोड्याच वर्षांत झाले आणि अर्धवट सुटले. पहिले लेणेही त्यातलेच. तसे असेल तर ते पुलकेशीच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षांचे ठरते. मग तो दरबार कोणाचा? स्पिंक आणि इतर अभ्यासकांच्या मते ती महासुदर्शन जातकाची कथा आहे. आसनावरचा राजा म्हणजे बुद्धाचा एक पूर्वजन्म. इराणी पोशाखाचे लोक चित्रात यावेत यात नवल नाही, कारण पश्चिमेकडच्या देशांशी व्यापार पाचव्या शतकातही चालू होता.

स्पिंक यांचा कालक्रम सगळ्यांना जसाच्या तसा मान्य आहे असे मात्र नाही. वर्षावर्षाच्या तपशिलाबद्दल वाद आहेत. पण पाचव्या शतकाकडे बहुतेकांचा कल आहे. तेव्हा सहलीच्या वृत्तांतातले वाक्य आज कसे लिहावे? आम्ही असे सुचवू: ‘पहिल्या लेण्यात एका राजासमोर टोकदार टोप्या घातलेली, परदेशी वाटणारी माणसे उभी असल्याचे चित्र दिसते. हा पुलकेशीचा दरबार असल्याचे पूर्वी मानत; आताच्या अभ्यासकांच्या मते ते जातककथेतील दृश्य असावे.’ वाक्य लांबले खरे. पण यातला ‘दिसते’ मुलाचा स्वतःचा आहे, ‘मानत’ दुसऱ्याचा आहे आणि ‘असावे’ तिसऱ्याचा. पुढे कोणी नवा पुरावा आणला तर पहिल्या भागाला धक्का लागणार नाही.

आपली मराठी या बाबतीत फार सोयीची भाषा आहे. ‘पाऊस पडतो आहे’, ‘पाऊस पडतोय असे दिसते’, ‘पाऊस पडत असावा’, ‘पाऊस पडत असेल’, ‘पाऊस पडतोय म्हणे’. शेतात उभा असलेला माणूस पहिले वाक्य बोलेल, ओसरीवर बसून ढगांकडे पाहणारा दुसरे, ओल्या मातीचा वास आलेला तिसरे, पुण्याहून फोनवर बोलणारा चौथे, आणि शेजाऱ्याकडून ऐकलेला पाचवे. कोणीही शिकवलेले नसताना आजीसुद्धा हे भेद चुकत नाही. लिहायला बसलो की मात्र आपण ते विसरतो. याला परीक्षा कारण आहे, असे आमचे मत आहे. उत्तरपत्रिकेत ‘असावे’ लिहिले तर मुलाला येत नाही असे समजून अर्धा गुण कापला जातो. ‘आहे’ ठोकून दिले तर पूर्ण गुण. दहा वर्षे हे शिकवल्यावर अकरावीच्या प्रकल्पात त्याने एकदम शास्त्रज्ञासारखे जपून लिहावे अशी अपेक्षा कशी करायची?

लघु, गुरु आणि टिंब

सोळाव्या लेण्यातल्या त्या लेखाकडे पुन्हा वळू, कारण लिहिण्याच्या शिस्तीचा एक उत्तम धडा त्यात आहे. लेख संस्कृत श्लोकांत आहे आणि दगडाची झीज होऊन त्यातली बरीच अक्षरे गेली आहेत. १८६० च्या दशकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला. पेशाने ते डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. लेख वाचणे हा त्यांचा दुसरा व्यासंग. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी, आणि पुढे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी तो पुन्हा वाचला. मिराशींचा वाकाटकांच्या लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला.

असा लेख छापण्याची एक रीत आहे. जे अक्षर स्पष्ट दिसते ते सरळ छापायचे. जे अंधुक आहे पण वाचता येते ते कंसात. जे पूर्ण गेले आहे त्याच्या जागी अक्षर नाही, खूण. आता श्लोक म्हटला की वृत्त आले, आणि वृत्त आले की लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. त्यामुळे गेलेली अक्षरे किती होती आणि त्यातले कोणते लघु, कोणते गुरु हे खात्रीने सांगता येते. पण अक्षर कोणते होते हे सांगता येत नाही. म्हणून संपादक त्या जागी लघु-गुरूच्याच खुणा छापतो. जेवढे कळते तेवढे सांगितले, एक मात्राही जास्त नाही. एखाद्या अक्षराबद्दल त्याला तर्क सुचला तर तो तळटीपेत देतो, मूळ ओळीत घुसवत नाही.

मराठीच्या तासाला वृत्ते शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. एका श्लोकातली तीन अक्षरे पुसून मुलांना द्यावीत. पहिल्या झटक्यात सगळी मुले अक्षरे भरून मोकळी होतात. मग विचारावे, यातले तुला किती माहीत होते आणि किती तू घातलेस?

या रितीमुळेच एकाच्या कामावर दुसऱ्याला पाऊल ठेवता येते. आधीच्या वाचकाने रिकाम्या जागा मनाने भरून एकसलग मजकूर छापला असता, तर पुढच्याला नेमके कुठे पुन्हा पाहायचे हे कळलेच नसते.

वेरूळचा गिलावा

हे सगळे जुन्या दगडांचे झाले. प्रयोगशाळेतल्या विज्ञानातही हीच शिस्त लागते, आणि त्याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यावर एक निबंध आला. लेखक दोन. राजदेव सिंह हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे निवृत्त रसायनतज्ज्ञ, आणि मि. म. सरदेसाई हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले. बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात वनस्पतीचे तंतू आणि तुकडे सापडले होते. ते कशाचे? लेखकांनी भांगेच्या झाडाचे ताजे नमुने जालन्याजवळून आणि दिल्लीच्या आसपासून आणले, आणि गिलाव्यातले तुकडे व ताजे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही जुळले. गिलाव्यात भांग मिसळलेली होती.

निबंध कसा लिहावा हे शिकण्यासाठी यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, नमुना कुठल्या लेण्यातला, तुलनेचा नमुना कुठल्या गावचा, हे नाव घेऊन सांगितले आहे. ‘काही नमुने गोळा करण्यात आले’ एवढ्यावर भागवलेले नाही. उद्या कोणाला तेच करून पाहायचे असेल तर जालन्याला जाता येईल.

दुसरी गोष्ट वनस्पतीच्या नावाची. इंग्रजीत भांगेच्या झाडाला हेम्प म्हणतात. पण आपल्या तागालाही सन हेम्प म्हणतात, आणि अंबाडीला डेक्कन हेम्प. तिन्ही झाडांपासून तंतू निघतात, तिन्ही आपल्याकडे होतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या कुळांतली आहेत. भांग म्हणजे कॅनाबिस सटायवा, ताग म्हणजे क्रोटालारिया जन्सिया, अंबाडी म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस. नुसते ‘हेम्प सापडले’ लिहिले असते तर वाचणाऱ्याने काय समजायचे? मुले विचारतात की शास्त्रीय नावे कशाला पाठ करायची. पाठ करायची नाहीतच; पण अहवालात लिहायची, ती याकरिता. त्याबरोबर गावात त्या झाडाला काय म्हणतात तेही लिहावे. दहा कोसांवर नाव बदलते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक. लेखकांनी पुढे असा निष्कर्ष काढला की भांगेमुळे वेरूळच्या गिलाव्याला कीड कमी लागली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किडीने चित्रांचे बरेच नुकसान केले आहे, हा त्यांचा आधार. वर्तमानपत्रांतून मग भांगेने लेणी वाचवली अशा अर्थाचे मथळे आले. आता पाहा: तुकडे जुळले हे एका जातीचे विधान आहे, त्यामुळे कीड लागली नाही हे दुसऱ्या जातीचे. दुसरे चूक आहे असे आम्ही म्हणत नाही, ते पटण्यासारखे आहे. पण अजिंठा आणि वेरूळ यांत भांग सोडून दुसरे फरक नाहीत काय? अजिंठा नदीच्या नालाकृती वळणावर घळीत आहे, वेरूळ डोंगराच्या उघड्या उतारावर. दमटपणा, वटवाघळे, गिलाव्यातला भुसा, माणसांची वर्दळ यांचे काय? दहावीच्या वर्गाला हा प्रश्न टाकला तर पाच मिनिटांत फळा भरतो. चांगल्या निबंधाचे लक्षणच हे की त्यात पहिल्या जातीची विधाने इतकी स्वच्छ मांडलेली असतात की दुसऱ्या जातीच्या विधानांशी कोणालाही भांडता येते.

ड्रममधल्या अळ्या

आता वर्गात येऊ. समजा, जिथे नळाला रोज पाणी येत नाही अशा एका वस्तीतल्या आठवीच्या मुलांनी साठवलेल्या पाण्यातल्या डासांचा प्रकल्प घेतला. त्यांनी पंधरा घरी जाऊन ड्रम, रांजण आणि टाक्या पाहिल्या. वहीत पहिले वाक्य येते, ‘आमच्या वस्तीत पाण्याच्या ड्रममध्ये डेंग्यूचे डास आहेत.’

हे वाक्य खोडू नये. मुलांना त्याच्याशी खेळू द्यावे. “तुम्ही काय पाहिलेत?” “डास.” “डास की अळ्या?” “अळ्या.” “किती ड्रममध्ये?” मोजले होते, पण लिहिले नव्हते, मग चिठ्ठ्या शोधल्या जातात. “पाण्यात त्या कशा होत्या? पृष्ठभागाला समांतर आडव्या की डोके खाली करून लटकलेल्या?” आडव्या असल्या तर त्या ॲनॉफिलिसच्या, म्हणजे हिवतापाच्या डासाच्या. लटकलेल्या असल्या तर क्युलेक्स किंवा एडिस. या दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. त्यासाठी अळीची श्वासनळी भिंगाखाली पाहावी लागते. एडिसची आखूड आणि जाड असते. आणि समजा एडिसच निघाली, तरी एडिस म्हणजे डेंग्यू नव्हे. डेंग्यू विषाणूमुळे होतो, आणि डासात विषाणू आहे की नाही हे शाळेत कळण्याची सोय नाही.

तासाभराने वाक्य असे होते: ‘दि. ८ ते १२ ऑगस्ट या दिवसांत आम्ही १५ घरांतील २० ड्रम पाहिले. त्यांपैकी १४ ड्रममध्ये अळ्या दिसल्या. बहुतेक अळ्या डोके खाली करून लटकत होत्या, त्यामुळे त्या ॲनॉफिलिसच्या नसाव्यात. भिंगातून पाहिलेल्या ६ अळ्यांची श्वासनळी आखूड व जाड वाटली. त्या एडिसच्या असाव्यात. एडिस डास डेंग्यू पसरवतो असे आम्ही पुस्तकात वाचले.’ प्रत्येक वाक्याचे क्रियापद वेगळे झाले. पहिल्या मसुद्यात एक ठाम वाक्य होते. त्यावर कोणी काही बोलू शकत नव्हते आणि ते कोणाच्या कामाचेही नव्हते. या उताऱ्यावरून आरोग्य केंद्रातल्या माणसाला पुढे काय तपासायचे ते कळते.

‘आम्ही’ या शब्दाची पुष्कळ शिक्षकांना धास्ती वाटते. अहवाल म्हटला की ‘निरीक्षण करण्यात आले’, ‘नोंदी घेण्यात आल्या’ अशी सरकारी धाटणी हवी असा एक समज आहे. आमचे मत उलट आहे. कोणी मोजले हे कळलेच पाहिजे. तीन मुले तीन तऱ्हांनी मोजतात. एक वरवर पाहते, एक ड्रम हलवून पाहते, एक टॉर्च घेऊन वाकते. तक्त्यात एक रकाना मोजणाऱ्याच्या आद्याक्षराचा ठेवावा. नंतर एखादा आकडा विचित्र दिसला तर कोणाला विचारायचे ते कळते. (कोणी आणि केव्हा या दोन्ही गोष्टी लिहिण्याची अजिंठ्यातली एक नोंद प्रसिद्ध आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी तिथे पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली. माहिती पूर्ण आहे. जागा मात्र चुकली.)

ऐकलेल्या गोष्टींचेही तसेच. वस्तीतल्या एका आजींनी सांगितले की पूर्वी रांजण रोज घासला जाई, अळ्या होतच नसत. मुले हे सोडून देतात, कारण ते पुस्तकात नाही. किंवा स्वतःचे निरीक्षण म्हणून घालतात. दोन्ही नको. ‘वस्तीत सुमारे चाळीस वर्षे राहणाऱ्या एका आजींनी १० ऑगस्ट रोजी असे सांगितले’ असे लिहावे. नाव घालायचे तर त्यांना विचारून.

पुस्तकातून घेतलेला मजकूर पुस्तकाचे नाव आणि पान घालून घ्यावा, हे सगळे सांगतात. त्यात आम्ही एवढीच भर घालू की मुलाने पुस्तक बंद करून आपल्या शब्दांत लिहावे आणि मग उघडून पडताळावे. आता मोबाइलवर किंवा संगणकाला प्रश्न विचारून अख्खा निबंध तयार मिळतो. तो गोड असतो, शुद्ध असतो, आणि आम्ही पाहिलेल्या अशा मजकुरात जवळजवळ सगळी वाक्ये ‘आहे’ने संपत होती. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या मजकुरातले एकेक वाक्य घेऊन ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारत गेले की मूल स्वतःच निम्मी वाक्ये काढून टाकते. रागावण्याची वेळ येत नाही.

प्रस्तावना, उद्दिष्टे, पद्धत, निष्कर्ष, आभार हे मथळे कुठेही छापलेले मिळतात. त्यांवर जागा घालवत नाही. फक्त एक सांगतो. ज्या सहा ड्रममध्ये अळ्या दिसल्या नाहीत त्यांचीही नोंद हवी. मुलांना ते ‘वाया गेलेले’ वाटतात. पण त्या सहांवर झाकणे होती का, त्यांत पाणी केव्हा भरले होते, हे लिहिले असेल तरच उरलेल्या चौदांचा अर्थ लागतो.

आणि तक्ता भरताना शून्य आणि रिकामी जागा यांत घोळ होऊ देऊ नये. ड्रम पाहिला आणि अळ्या नव्हत्या, तर ‘०’. घराला कुलूप होते म्हणून ड्रम पाहताच आला नाही, तर आडवी रेघ, आणि खाली टीप. पाच दिवसांच्या त्या तक्त्यात ११ तारखेच्या रकान्यात तीन घरांसमोर रेघ येते. का, म्हणून विचारले तर मुले सांगतात, त्या दिवशी आठवडी बाजार होता, घरी कोणी नव्हते. तेही खाली लिहून ठेवावे.